टाकीचे पाईप

सुषमाच्या भाकरीला पेट्रोलचा वास येतो, अशी तक्रार यवतहून आली तेव्हा संपतने ती भाकरी हातात घेऊन आधी उजेडाकडे धरली. वास उजेडात दिसत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण रांजणगावच्या एका कंपनीत तो क्वालिटीला होता आणि परत आलेला माल उजेडाकडे धरायचा ही त्याच्या हाताची सवय होती. मग त्याने भाकरी हुंगली, एक तुकडा मोडून सावकाश चावला आणि म्हणाला, "येतोय. पण कडंला जास्त येतोय, मधी कमी. असं का बरं?"

"असं का ते नंतर बघा," सुषमा म्हणाली. "आधी येऊ नये म्हणून काय करायचं ते बघा."

मांडवगण फराट्याहून नदीचा पूल ओलांडून दौंडच्या बाजूला जायचं, चौफुल्याला हायवे धरायचा आणि यवतच्या ढाब्यावर बाजरीच्या भाकरी पोचवायच्या, हा सुषमाचा रोजचा धंदा. पहाटे ती आणि तिची सासू म्हाळसाबाई दोन चुलींवर बसत. टोपली भरली की संपत व्हॅन काढे. त्याची दुपारची पाळी असल्यामुळे सकाळ मोकळी होती, आणि परत आल्या आल्या कंपनीची बस गाठायची म्हणून तो राखाडी युनिफॉर्म, जड बूट आणि गळ्यातलं ओळखपत्र सकाळीच चढवून बसे. ढाब्याचा मालक भारत तसा भला माणूस, पण आज त्याने स्पष्टच सांगितलं होतं. "वहिनी, काल एका गिऱ्हाइकानं भाकरी खाल्ली आन् बिडी ओढायला लांब उसात गेलं. म्हणलं, का हो? तर म्हणलं, पोटाची भीती वाटती. हे दोन-चार दिसात थांबलं पायजे, न्हाईतर मला दुसरं घर बघावं लागंल."

संपत लगेच अंगणात व्हॅनखाली शिरला. व्हॅन जुनी होती; त्यांच्याकडे येण्याआधी ती कुणाकुणाकडे राहून आली होती हे तिलाच ठाऊक. खाटेवर बसलेल्या गेणबांना मुलाचे फक्त बूट दिसत होते. आयुष्य मेंढरांमागे गेलेला हा माणूस बुटांशी बोलायला बिचकत नव्हता.

"काय घावलं का?"

"घावलं, आबा. ब्रीदरच्या नळ्या फुटल्यात."

"त्या कसल्या?"

"टाकीला श्वास घ्यावा लागतो," बूट म्हणाले. "पेट्रोल जसं खर्ची पडतं तशी बाहेरची हवा आत जायला पायजे. भरताना आतली हवा बाहेर यायला पायजे. त्यासाठी ह्या दोन रबरी नळ्या हायत. वाळून चिरा पडल्यात. तिथनं वास गाडीत येतोय."

"म्हंजी नाकपुड्या," गेणबा म्हणाले.

"नाकपुड्याच."

गेणबांचं समाधान झालं आणि त्यांनी डोळे मिटले.

यवतच्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराने फुटकी नळी बोटांत फिरवली आणि तिच्या वयाबद्दल आदर दाखवला. एवढ्या जुन्या गाडीची नळी पुण्याहून मागवावी लागेल, म्हणाला. सापडली तर सांगतो. तोवर थांबणं शक्य नव्हतं. संपतने घरी सापडलेला, गवंडी लेव्हल बघायला वापरतात तो पारदर्शक पाईप कापून दोन्हीकडे चढवला आणि क्लिपा आवळल्या. काम झाल्यावरही तो खालीच पडून राहिला. पाईपातून पेट्रोलची वाफ थेंब धरताना दिसत होती. रबरी नळीत हे सुख नव्हतं.

वास गेला. भारतने टोपलीत नाक घालून खात्री करून घेतली आणि दुपारच्या भाकरी वाढवून सांगितल्या. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं.

तिसऱ्या दिवशी हायवेच्या सर्व्हिस रोडने जाताना, भांडगावच्या अलीकडे उंबरमळा नावाच्या वस्तीपाशी, व्हॅनने एक उचकी दिली आणि ती थांबली. संपत उतरला. पेट्रोल आहे का बघायला त्याने टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोल होतं. झाकण लावून त्याने सीट उचलली, बॅटरीची तार हलवली, सेल मारला. गाडी चालू झाली.

"तार सैल होती," त्याने जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी गाडी त्याच जागी थांबली. त्याच फाटकासमोर, त्याच बाभळीच्या सावलीत. संपतने पेट्रोल बघितलं, प्लग पुसला, गाडी चालू झाली. "प्लगला कचरा होता." त्याच्या दुसऱ्या दिवशी पेट्रोल बघून फिल्टर झटकला. गाडी चालू झाली. परतीच्या वाटेवरही ती अशीच थांबे, पण नदीच्या पुलाआधी, आणि तिथे बघायला बगळ्यांशिवाय कुणी नसे.

एखाद्याला वैताग आला असता. संपतला मात्र रात्री झोप लागेना ती आनंदाने. गाडी बंद पडते हे तो समजू शकत होता; पण रोज एकाच फाटकासमोर का पडते? त्याने उंबरमळ्यात उतरून रस्त्याचा चढ बघितला, बाभळीपासून चाकापर्यंत टेप लावला, मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढले. कंपनीत दोष सापडला की सलग पाच वेळा 'का?' विचारायचं असा नियम होता. संपत इथे दुसऱ्या 'का'पाशी अडकला होता.

सुषमा टोपली मांडीवर घेऊन हे रोज बघत होती. शेवटी ती म्हणाली, "मी एक बोलू का?"

"बोल की."

"तुम्ही रोज नवीन कायतरी करताय आन् गाडी चालू व्हती. पण ते करायच्या आधी रोज टाकीचं झाकण काढताय."

संपत गाडीमागे गेला, झाकण हळूच फिरवलं आणि कान लावला. आत हवा शिरल्याचा लांबलचक फुस्स असा आवाज आला. तो तसाच रस्त्यावर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. त्याचा लाडका पारदर्शक पाईप पेट्रोलने मऊ पडून वळणापाशी बसला होता, चपटा, जिभेसारखा. टाकीचा श्वास कोंडत होता. घरून निघाल्यावर ठरावीक पेट्रोल जळलं की आतली ओढ इतकी वाढे की इंजिनाला पेट्रोलच पोचत नसे, आणि ते ठरावीक अंतर नेमकं उंबरमळ्याला संपत होतं.

त्या आनंदात तो गाडीखालीच पडलेला असताना फाटक वाजलं.

आता उंबरमळ्याचं थोडं सांगायला हवं. ज्या फाटकासमोर गाडी थांबे ते आनंदरावांचं, आणि फाटकाच्या मागे वस्तीची पाण्याची टाकी उभी होती. त्या टाकीपासून घरोघर गेलेले पाईप जुने, चिरलेले. नळाच्या पाण्याला वास येई आणि शेवटच्या घरांना पाणी पोचत नसे. वस्तीची स्वतःची पाणी समिती होती. आनंदराव तिचे अध्यक्ष आणि त्यांचा पुतण्या इंद्रजीत तिच्यातला विरोधी पक्ष. चुलत्याने पाईप बदलायचं काढलं की पुतण्या हिशेब मागे, पुतण्याने काढलं की चुलता पुढची तारीख देई. दरवेळी बैठक चहावर संपे आणि तो चहाही त्याच वासाच्या पाण्याचा असे. संपतला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

आनंदरावांना दिसलं ते असं: पांढरी व्हॅन, राखाडी गणवेशाचे पाय, जड बूट, बाजूला टेप. हा माणूस गेले काही दिवस रोज येऊन मोजमाप करतो, फोटो काढतो, हे त्यांनी माडीवरून बघून ठेवलं होतं.

"काय साहेब," ते बुटांना म्हणाले, "काय काम काढलंय?"

"पाईपचं, आप्पा," बूट उत्साहाने म्हणाले. "टाकीचे पाईप बदलायचेत."

आनंदराव दोन पावलं पुढे आले. "टाकीचे? सगळे?"

"सगळे. जुने झाल्यात, चिरा पडल्यात. वास यायला लागलाय."

"वास तर येतोच. कवाधरनं बोंबलतोय आम्ही."

गाडीखाली संपत चपापला. "तुमच्यापर्यंत आला वास?"

"आमच्यापर्यंत? घराघरात येतोय साहेब. सैपाकात सुदिक येतोय."

संपतला फार अपराधी वाटलं. एवढ्याशा नळीचा वास फाटकातून आत स्वयंपाकघरात जात असेल याची त्याला कल्पना नव्हती. "माफ करा, आप्पा. लवकरच बदलतो. माल पुण्यावरनं निघाला की बसवला."

"मंजूर झालाय म्हंजी?"

"ऑर्डर गेलीय. तवर तात्पुरता पाईप टाकलाय, पण त्यो ओढ बसली की दबतोय. मग शेवटाला काय पोचतच न्हाई."

"अगदी बरोबर," आनंदराव हळुवार म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं दुखणं कुणी इतक्या थोडक्यात मांडलं नव्हतं. "शेवटाला थेंब पोचत न्हाई. साहेब, बाहेर या. च्या घेऊन जावा."

संपत बाहेर आला तेव्हा फाटकापाशी आनंदरावांच्या घरच्या तुळजाबाई उभ्या होत्या. त्यांनी संपतकडे बघितलं, गाडीतल्या सुषमाकडे बघितलं, तिच्या मांडीवरच्या टोपलीकडे बघितलं आणि काही न बोलता चहा ठेवायला आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की आनंदरावांनी वरती शब्द टाकला आणि काम मंजूर करून आणलं. रात्री हे इंद्रजीतच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी गाडी बाभळीखाली उचकी देते न देते तोच तो मोटारसायकल आडवी लावून हजर.

कारण कळलं तरी गाडी थांबणं चुकत नव्हतं. झाकण सैल ठेवलं तर वास भाकरीत जात होता आणि घट्ट लावलं तर उंबरमळा येत होता. म्हणून नवी नळी येईपर्यंत इथे उतरायचं, फुस्स ऐकायचं आणि पुढे जायचं असं नवरा-बायकोने ठरवलं होतं.

"साहेब, मी इंद्रजीत," तो म्हणाला. "ह्या पाईपांसाठी पयल्यापासनं मीच मागं लागलोय, हे ध्यानात असू द्या."

संपतला त्याचं आश्चर्य वाटलं, पण आनंदही झाला. कुणा अनोळखी तरुणाला ब्रीदरची इतकी कळकळ असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने पाण्याची बाटली काढली आणि तोंड घट्ट लावून पाणी ओढलं. बाटली कडकड आवाज करत आत बसली. "बघा. हवा गेली न्हाई की असं व्हतं. टाकी भरलेली असली तरी पाईपातनं येणार न्हाई."

"म्हंजी हवा अडकती."

"हवा अडकती. सगळा घोळ हवेचा हाय."

एव्हाना पाच-सहा माणसं जमली होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मान डोलावली. "माझ्या नळातनं सकाळी नुसती हवाच येती," तो म्हणाला. इंद्रजीतने संपतच्या खांद्यावर हात ठेवून मोबाईल वर धरला आणि दोघांचा फोटो काढला. कुणीतरी भजी आणली. तुळजाबाईंनी सुषमाला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि तिच्या भाकरीची चौकशी केली, पीठ कुठलं, चूल कसली, ढाबा कुणाचा. बाकी त्या फारसं बोलल्या नाहीत.

"ह्या लोकांना आपल्या गाडीचं एवढं का पडलंय?" पुढे निघाल्यावर सुषमाने विचारलं.

"जिज्ञासू लोक हायत," संपत म्हणाला. "आपल्याकडं न्हाईत असे."

जिज्ञासू लोकांचं उत्तर दोन दिवसांनी रस्त्याच्या कडेला उभं होतं. एक नव्हे, दोन फ्लेक्स होते. व्हॅनचा वेग बेताचाच असल्यामुळे सुषमाला दोन्ही वाचता आले. पहिल्यावर आनंदरावांचा हात जोडलेला फोटो आणि 'उंबरमळा टाकीच्या पाईपलाईनचे काम मंजूर, शब्द दिला तो पाळला'. दुसऱ्यावर इंद्रजीत आणि संपत खांद्यावर हात टाकून, खाली 'पाठपुराव्याला यश, साहेबांचे मनःपूर्वक आभार'. संपतच्या नाकावर ग्रीसचा ठिपका होता, तो फ्लेक्सवर भाकरीएवढा झाला होता.

"साहेब म्हंजी तुम्ही," सुषमा म्हणाली.

संपतने गाडी बाजूला घेतली. मोकळ्या रस्त्यावर, बंद पडायच्या आधीच. त्याने फाटकामागची टाकी बघितली. ती रोज तिथे होती. त्याने बाभळीपासून टेप लावला होता, चढ बघितला होता, पण वर मान करून बघितलं नव्हतं. मग त्याला बुटांकडून झालेला सगळा संवाद ओळीने आठवत गेला आणि त्याचे कान तापले.

"आता काय करायचं?"

"आज भाकरी पोचवायच्या," सुषमा म्हणाली. "उद्या खरं सांगायचं."

योगायोग असा की त्याच दिवशी यवतच्या दुकानात नळ्या येऊन पडल्या होत्या. संपतने त्या ढाब्यामागे, भारतच्या पाण्याच्या हौदापाशी बसवल्या. काळ्या, जाड, खऱ्या रबराच्या. एरवी त्याने प्रत्येक क्लिप तीनदा तपासली असती आणि भारतला बोलावून दाखवली असती. आज त्याने मुकाट्याने पाने पुसले. परतीच्या वाटेवर पुलाआधी गाडी थांबली नाही. बगळे मागे पडले.

सकाळी तो खरं काय आणि कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत निघाला. उंबरमळ्याजवळ त्याला फाटकासमोर गर्दी दिसली. बायका ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या, बाभळीला फुलांची माळ होती, एका बाजूला आनंदराव आणि दुसऱ्या बाजूला इंद्रजीत, दोघांच्याही हातात नारळ. गाडी नेहमी जिथे थांबते तिथे कुणीतरी रांगोळी घातली होती. संपतचा पाय सवयीने ब्रेककडे गेलाच नाही, कारण तिथे त्याने कधी ब्रेक दाबलेलाच नव्हता. गाडी आपली आपण थांबे. आज ती थांबली नाही. नव्या नळ्यांतून पोटभर श्वास घेत ती रांगोळीवरून निघून गेली.

आरशात माणसं लहान होत गेली. कुणी हाक मारली नाही. नुसती बघत राहिली. एवढ्या लोकांची अशी निराशा संपतने आजवर केली नव्हती. कंपनीत फार तर पेटीभर माल नाकारला असेल.

"थांबवा," सुषमा म्हणाली.

"भाकरी गार पडतील."

"पडू द्या. भारतभावजींना मी सांगन. मागं घ्या."

त्याने व्हॅन उलटी चालवत आणली आणि रांगोळीच्या उरलेल्या भागावर उभी केली. चेहरे परत उजळले ते बघून त्याला आणखीच लाज वाटली. तो उतरला, आनंदराव आणि इंद्रजीतला हाताने खूण करून गाडीमागे नेलं. तुळजाबाईही ताट घेऊन मागोमाग आल्या.

"आप्पा," तो म्हणाला, "मी पाण्याच्या खात्यातला न्हाई. मी कंपनीत कामाला हाय. पाईप बदलायचे होते ते माझ्या गाडीच्या टाकीचे." आणि पुरावा म्हणून त्याने जुनी फुटकी नळी आणि चपटा पडलेला पारदर्शक पाईप दोन हातांत धरून दाखवला.

आनंदरावांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"म्हंजी मंजुरी?"

"मला फक्त दुकानदाराचा फोन आला होता."

"मी तर फ्लेक्स लावलाय," इंद्रजीत पुटपुटला.

"मी बी लावलाय की," आनंदराव म्हणाले.

चुलत्या-पुतण्याने एकमेकांकडे बघितलं. गेल्या कित्येक बैठकांत त्यांनी असं एकमेकांकडे बघितलं नव्हतं. समोर ताटं घेऊन उभ्या बायका, त्यांच्यामागे तो नळातून हवा येणारा म्हातारा, आणि दोन्ही फ्लेक्सांवर दोघांचे हसरे चेहरे. सुटायला वाट एकच होती आणि ती दोघांनाही एकदमच दिसली.

"समितीकडं शिल्लक हाय का?" इंद्रजीतने हळूच विचारलं.

"हाय. तू हिशेब मागत व्हतास म्हणून हात लावला न्हाई."

"न्हाई मागत आता. जेसीबी मी आणतो."

"पाईप मी आणतो. पण हे बाहेर बोलायचं न्हाई." मग आनंदराव संपतकडे वळले. "साहेब, तुम्ही बी."

"मी साहेब न्हाई, आप्पा."

"आज हाय म्हणा."

तुळजाबाई मधे पडल्या. "त्येंना खोटं बोलाया लावू नका. त्येंच्या भाकरी गार व्हाया लागल्यात." आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातला नारळ काढून घेतला, पुढे जाऊन टाकीच्या पायाशी स्वतःच फोडला. आनंदरावांनी गर्दीला सांगितलं की खात्याची वाट बघत बसण्यापेक्षा काम समितीच उद्यापासून सुरू करते आहे. इंद्रजीतने टाळी वाजवली. लोकांना काय घडलं ते कळलं नाही, पण या दोघांना एका बाजूने बोलताना बघूनच ते इतके चकित झाले की कुणी काही विचारलं नाही. संपतला खोबऱ्याचा तुकडा मिळाला आणि तो खाली मान घालून खात गाडीत बसला.

काम खरंच सुरू झालं. रोज यवतला जाताना सर्व्हिस रोडवर मातीचे ढीग दिसत, मग निळे पाईप दिसले, मग बुजवलेला चर. संपत गाडी न थांबवता जाई. थांबायला आता काही कारण नव्हतं, आणि तोंड दाखवायची हिंमतही नव्हती. पण चर बुजवल्यावर एका सकाळी त्याच्याने राहवेना. जोड कसे घेतलेत, वळणावर पाईप दबला तर नाही ना, हे बघायला तो बाभळीखाली थांबला.

तुळजाबाई फाटकातच होत्या. त्यांनी दोघांना ओट्यावर बसवलं आणि तांब्या पुढे केला. संपतने पाणी आधी उजेडाकडे धरलं, मग हुंगलं, मग प्यायला.

"वास न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई."

"मावशी, माझ्यामुळं तुम्हा लोकांची फसवणूक झाली. मला पयल्या दिवशीच कळायला पायजे व्हतं."

"मला कळलं व्हतं की," तुळजाबाई म्हणाल्या.

संपतने तांब्या खाली ठेवला. "काय कळलं व्हतं?"

"सरकारी माणूस बायकूला आन् भाकरीच्या टोपल्याला संगं घेऊन, रोज एकाच टायमाला येतो व्हय? आन् गाडीखाली शिरून वरच्या टाकीचे पाईप बघतो व्हय? पयल्याच दिवशी मी माडीवरनं बघितलं. झाकण काढताय, फुस्स व्हतंय, गाडी चालू."

"मग तुम्ही आप्पांना सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर पाईप बदलले असते का?"

सुषमा पदराआड हसली. गेले कितीतरी दिवस संपत एका नळीचं कारण शोधत होता आणि हे कारण इतका वेळ ताट घेऊन त्याच्या शेजारी उभं होतं.

"झालं ते चांगलंच झालं," तुळजाबाई म्हणाल्या आणि जरा पुढे सरकून बसल्या. "आता तुम्ही आलाच हाय तर एक सांगू का? पुढं वळणावर आमची अंगणवाडी हाय. तिच्यासमोरची रस्त्याखालची मोरी खचलीय. पोरं कडंकडंनं जात्यात. गाडी तिथं बंद पडती का बघा की दोन दिवस."

"मावशी, आता नवीन पाईप टाकलेत. गाडी बंद पडत न्हाई."

"पडत न्हाई म्हंजी? पाडायची."

"मी असं करणार न्हाई," संपत म्हणाला. "एकदा झालं ते नकळत झालं. आता जाणूनबुजून करायचं म्हंजी लबाडी झाली."

तुळजाबाईंनी आग्रह केला नाही. त्यांनी सुषमाकडे बघितलं, सुषमाने त्यांच्याकडे बघितलं आणि दोघी चुलीवरच्या भाकरीबद्दल बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी वळण आलं तेव्हा सुषमा सहज म्हणाली, "ही मोरी एकाच बाजूनं का खचली असंल?"

संपतने गाडी हळू केली. "एकाच बाजूनं खचलीय?"

"मला तर तसं दिसतंय. दुसरी बाजू शाबूत हाय. असं का बरं?"

तो थांबला. उतरला. युनिफॉर्ममध्येच, ओळखपत्र मागे टाकून, मोरीच्या कडेला उकिडवा बसला. खरंच एकच बाजू खचली होती. त्याने टेप आणला, वाकून आत बघितलं, मोबाईलचा उजेड पाडला, चारी बाजूंनी फोटो काढले. टोपलीतल्या भाकरींना वाफ होती आणि सुषमाला आज कसली घाई दिसत नव्हती.

मागून एक स्कूटर येऊन थांबली. तिच्यावरच्या माणसाने पांढरी व्हॅन बघितली, बूट बघितले, टेप बघितला.

"काय साहेब, काय काम काढलंय?"

संपत या वेळी सावध होता. त्याने नीट विचार केला आणि शब्दन् शब्द खरा सांगितला.

"काय न्हाई. मोरी का खचली ते बघतोय."

त्या माणसाने स्कूटर स्टँडवर लावली, चार पावलं बाजूला गेला आणि फोन काढला.